सातव्या कादंबरीचं पान

साहेब, तुम्ही माझ्या नवऱ्याला भर सभेत खोटारडा म्हणालात, आणि तेही हे खरं बोलले म्हणून.

शिक्षणाधिकारी म्हणून फर्मान तुमचंच. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रत्येक शिक्षकानं अकरा कादंबऱ्या आणि चार नाटकं वाचायची, एकेकावर पानभर लिहायचं; नाही तर शिकवायचा वरचा वर्ग गेला. सुट्टी लागली त्याच आठवड्यात यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, दोन महिने अक्षराकडे बघायचं नाही. मुदत मागायला मी गेले, तर तुमचा कारकून म्हणाला, "नियमात डोळे नाहीत, बाई."

मग मी वाचलं. मी शिवणकाम करते. शाळा चौथीत सुटली, पुढचं माझं मीच शिकले. सकाळी मशीन, दुपारी पुस्तक. हे पट्टी बांधून आडवे. नाटकं मी आवाज काढून वाचायची. एकदा "चालता हो माझ्या घरातून!" असं ओरडले, तर वरच्या मजल्यावरून नणंद धावत आली.

"वहिनी, अगं पट्टी तरी सुटू दे त्याची! मग हाकल."

"तिसरा अंक चाललाय," हे पलंगावरून म्हणाले. "तूही बस. फक्त नाटकात सासू आली की ही मुद्दाम किनरा आवाज काढते, तेवढं मनावर घेऊ नकोस."

त्या दिवसापासून नणंद रोज भाजी निवडायला आमच्याकडेच.

पानं हे सांगायचे, मी लिहायची. सातवी कादंबरी संपली आणि यांना झोप लागली. उठवलं नाही. मीच लिहिलं: 'यातली बाई तीनशे पानं रडते. घरात सहा माणसं जेवतात. भांडी कोण घासतं, ते लेखकानं कुठंच सांगितलेलं नाही.'

उठल्यावर ऐकवलं. हे पोट धरून हसले. "एक अक्षर बदलू नकोस. मी तिच्यासाठी रडत होतो, गाढवासारखा."

तेच पान तुम्ही सभेत वाचलंत. "असं वाचावं!" म्हणालात. बाकीच्यांनी पुस्तकाच्या पाठीवरचा मजकूर उतरवला होता. तो तुम्ही मुकाट्यानं पास केलात. हे गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? पण उभे राहिले.

"ते पान माझ्या बायकोचं. सगळी पुस्तकं तिनंच मला वाचून दाखवली."

"शिक्षण?"

"चौथी. शिवणकाम करते."

"वा! आता शिंपीणबाई आमच्या शिक्षकांना साहित्य शिकवणार. आणि खाली सही तुमची? खोटारडे आहात, मास्तर."

सगळे हसले. साहेबानं विनोद केला की हसावंच लागतं.

दुसऱ्या दिवशी कागद आला. वाचन स्वतः केलेले नाही, पंधराही पुस्तके रद्द. बावीस वर्षं दहावीला भाषा शिकवणारा माणूस आता पहिलीची हजेरी घेतो. घरी आला की भिंतीकडे तोंड करून बसतो. परवा मी नवं नाटक उघडलं, तर म्हणाले, "राहू दे गं. ते असलं वाचन धरत नाहीत."

यांनी ऐकलं ते तुम्ही धरत नाही, कारण डोळे बांधलेले. मी वाचलं ते धरत नाही, कारण मी चौथी. मग ती पंधरा पुस्तकं या घरात वाचली कोणी? आणि यांचा वर्ग परत कधी देताय? मला वाचता येतं, तेव्हा उत्तर लेखी द्या.