कलाबाईंनी ओतलेलं पाणी

मित्रांनो, ज्या वर्षी कलाबाईंच्या सारिकाचं लग्न झालं, त्या वर्षी मी संग्रामपूरच्या बाजारातून या घरात आलो. मी एक जुना पितळी गडवा, म्हणजे पाण्याचा तांब्या आहे. मला लेकीसोबत सासरी जायचं होतं, पण वाटेत पडून पोटाशी चेपलो आणि इथेच राहिलो. कलाबाई मला चिंचेनं घासून लख्ख ठेवत. पुढे स्टीलची भांडी आली आणि मी माळ्यावर गेलो.

मागच्या वर्षी कलाबाई पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. अंथरुणावर पडून राहून पाठीला जखम झाली. मुलगा प्रसेनजित दिवसभर कामावर, म्हणून त्यानं करिष्माला सेवेला ठेवलं. शेजारच्या गावातल्या शेतकऱ्याची ही मुलगी. अंगणातल्या नळावर साबणानं हात धुऊनच ती घरात येई. पट्टी बदलून झाली, की खाटेसमोरच्या मोरीवर पुन्हा धुई. त्यासाठी तिनंच मला माळ्यावरून खाली काढलं.

अंगणातलं हात धुणं कलाबाईंना खाटेवरून दिसत नसे. मोरीवरचं तेवढं दिसे. लहानपणी त्यांना गावच्या विहिरीला शिवू देत नसत. कोणी वरून ओतलेलं पाणी त्या ओंजळीत झेलत. आता त्या पट्टी बदलू देईनात. जखम चिघळेल, असं डॉक्टरांनी बजावलं. प्रसेनजितनं विनवण्या केल्या. जखमेला वास येऊ लागला, तरी त्या ऐकेनात.

शेवटी त्या करिष्माला म्हणाल्या, “माह्या अंगाले हात लावला का लगेच धुऊन टाकते. बाटते काय माह्यानं?”

करिष्मा खाली बसली. “आजी, आल्याबरोबर अंगणातही धुते. सकाळी शेण काढून, एसटीचा दांडा धरून येते मी. ते सारं तुमच्या जखमेत घालू का?”

“मंग मागून काऊन धुते?”

“इथून भगवानरावबाबाच्या सेवेले जाते ना. तुमची जखम त्याईले नेऊन देऊ?”

कलाबाई उशीला टेकून बसल्या. मग त्यांनी मला मागून घेतलं आणि करिष्माच्या हातांवर पाणी ओतलं.

“बोटाइच्या मधात राह्यलं, पोरी.”

त्यानंतर भेटायला कोणीही येवो, कलाबाई आधी त्याचे हात पुढे करायला लावत. सारिकाही सुटली नाही.

मित्रांनो, आजाऱ्याला शिवण्याआधी हात धुवा आणि शिवल्यावरही धुवा. पण त्याच्या देखत धुवा, आणि का धुता ते त्याला सांगा.

जखम दिवाळीआधी भरली. कलाबाई यंदाच्या माघी पौर्णिमेला सकाळी वारल्या.