काशाचा चमचा

"पिशवी कडीला अडकवून वळायचं नाही, मि-रान. आधी तोंड बघायचं. तोंड दिसेपर्यंत दार वाजवायचं."

ही फेरी शिकवणाऱ्या सन-डोकताईंनी हे सांगितलं त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. ताई गेल्या, पण कोरियातल्या मोकपो बंदराच्या चढावरच्या वस्तीत दुधादह्याची विजेवर चालणारी गाडी थांबवली की मि-रानच्या कानात तोच आवाज यायचा. तिने एकही दार तोंड न बघता सोडलं नव्हतं, आणि याचा तिला मनातल्या मनात अभिमान होता.

"आजी! मी आलेय!"

"उघडते गं. मेले नाही अजून."

दारात मा गुम-रे आजी उभ्या होत्या. बंदरावर एक्केचाळीस वर्षं त्यांनी भाताची खानावळ चालवली. बोटीवरून उतरलेला माणूस आधी घरी न जाता त्यांच्याकडे जेवायला यायचा. गेल्या शरदात शस्त्रक्रियेत आजींच्या जठराचे तिनातले दोन वाटे काढून टाकले. तेव्हापासून सहा घास भात पोटात गेला की सातवा जायचा नाही. म्हणून सोलला राहणाऱ्या लेकीने, हे-सुकने, डब्यातलं पूर्ण आहाराचं पेय लावून दिलं होतं. ते पोचवायचं काम मि-रानचं.

"आईचं वजन साडेपस्तीस आहे, मावशी," हे-सुक फोनवर म्हणाली होती. "पस्तीसच्या खाली गेलं तर मी तिला इथे शुश्रूषागृहात ठेवणार. एकटं नाही राहू देणार."

रोज आदल्या दिवशीची पिशवी रिकामी दिसायची. "पितेय गं तुझी आई," मि-रान कळवायची.

त्या दिवशी सकाळपासून बारीक पाऊस होता. अकराच्या सुमाराला आजींनी तिची ओली टोपी बघितली आणि विचारलं, "जेवलीस का?"

"कुठलं आजी, अजून बारा घरं राहिलीत."

"मग बस आधी. उपाशी माणूस माझ्या दारातून परत गेलेलं नाही कधी. त्या पेटीतून तांदूळ काढ, माझ्याने झाकण उचलत..." आजींचं वाक्य तिथेच राहिलं. त्यांना आठवलं, पण उशीर झाला होता. झाकण मि-रानच्या हातात होतं.

तांदळावर डबे ओळीने आडवे ठेवले होते. सगळे न उघडलेले.

मि-रानने झाकण भिंतीला टेकवलं. मग हळूच म्हणाली, "आजी, मी रोज तुमचं तोंड बघत होते हो. पोट नाही बघितलं."

"रागावू नकोस. टाकवत नाही म्हणून ठेवलेत. अन्न आहे म्हणतात ना ते!" आजी खाली बसल्या. "अन्न कसलं? साखरेचं पाणी. त्यात दुधाची पूड घातली की झालं?"

मि-रानने एक डबा फिरवून त्यावरचं बारीक अक्षर वाचलं. "साखर आहे थोडी. पण प्रथिनं आहेत, तेल आहे, क्षार आहेत, जीवनसत्त्वं आहेत. जेवणात जे लागतं ते सगळं मोजून घातलंय."

"म्हणजे औषध."

"औषध नाही. जेवणच."

"भातापेक्षा भारी?"

"असं कोण म्हणतं? भात जातो त्याने भातच खावा. जात नाही त्याच्यासाठी हे."

"आणि याची सवय लागली म्हणजे? पोट भात विसरेल."

"ते मला ठाऊक नाही, आजी. विचारून सांगते."

आजींना हे उत्तर आवडलं असावं. त्या जरा जवळ सरकल्या. "खरं सांगू? एकदा प्यायले होते. हे-सुक म्हणाली, आई, चमचा-बिमचा ठेव बाजूला, डबा तोंडाला लाव आणि घटाघट पिऊन टाक. प्यायले. अर्ध्या तासात दरदरून घाम सुटला, छाती धडधडायला लागली, पोटात कळ आली. तेव्हाच म्हटलं, हे आपलं नाही." मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "पोटच्या लेकीनेच सांगावं, चमचा ठेव म्हणून."

माणूस गेला की मोकपोत 'त्याने चमचा ठेवला' असंच म्हणतात. एक्केचाळीस वर्षं दुसऱ्याच्या हाती चमचा देणाऱ्या बाईला मुलीने घाईघाईत काय सांगितलं होतं, ते मुलीलाही कळलं नसणार.

संध्याकाळी फेरी संपल्यावर मि-रान गणवेशातच आरोग्य केंद्रात गेली. तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं.

"जठर लहान झालंय त्यांचं. घटाघट प्यायल्यावर त्रास होणारच," त्या म्हणाल्या. "थोडं थोडं द्या. एका डब्याला अर्धा तास लागला तरी चालेल. थंडगार नको, कोमट असू दे. पहिले काही दिवस अर्धाच डबा. आणि भात विसरण्याचं म्हणाल तर, जे दोन-चार घास जातात ते बंद करायचे नाहीत. पोट काही विसरत नाही."

"थोडं थोडं म्हणजे किती?"

"एका वेळी चमचाभर म्हणा ना."

मि-रान इतकी मोठ्याने हसली की बाई बघतच राहिल्या.

त्या रात्री झोपण्याआधी तिला एक अवघड काम करायचं होतं. तिने हे-सुकला फोन लावला. "मी तुला चुकीचं सांगत होते. आई पीत नव्हती. चूक माझी." तिकडे आधी रडणं, मग "मी उद्याच तिला घेऊन जाते."

"तीन आठवड्यांनी वजन आहे. तेवढं थांब. त्या दिवशी काटा खाली गेला तर मीच तिचं सामान बांधून देईन."

दुसऱ्या दिवशी मि-रानने डबा गरम पाण्यात ठेवला, फडताळातून झाकणाचा काशाचा वाडगा काढला, धुऊन पुसला, त्यात अर्धा डबा ओतला आणि झाकण घालून चौरंगावर ठेवला. शेजारी काशाचा चमचा, उजव्या हाताला, जसा आजी गिऱ्हाइकांना मांडून द्यायच्या तसा.

आजींनी झाकण उचललं. आत बघितलं.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"आहारतज्ज्ञ बाईंनी. चमच्यानेच खायचं म्हणाल्या."

"शिकलेली दिसते बाई." आजींनी चमचा उचलला, पण तोंडाशी नेला नाही. "आणि तू? माझ्या घरात एक जेवतंय आणि दुसरं तोंड बघत बसलंय, असं चालत नाही. कुकरमध्ये भात आहे. वाढून घे."

तेव्हापासून अकरा वाजता दोघी समोरासमोर बसायला लागल्या. आजी वाडग्यातलं चमच्या-चमच्याने घ्यायच्या, मि-रान आजींचा भात खायची, आणि मध्येच तिच्या वाडग्यातले दोन घास आजींकडे जायचे. आजींचं तोंड चालूच असायचं.

"चमचा असा धरतात? कुदळ धरल्यासारखा?"

"अठ्ठावीस वर्षं गाडीची मूठ धरलीय, आजी."

"म्हणून काय भातही वळणावळणाने खायचा?"

तिसऱ्या दिवशी पोट थोडं बिघडलं. मि-रानने चमच्यांमधलं अंतर वाढवलं. आठव्या दिवशी पूर्ण डबा संपला. आजींनी वाडगा पालथा करून दाखवला.

वजनाच्या शुक्रवारी मि-रानने फेरी तासभर लवकर सुरू केली आणि आजींना आरोग्य केंद्रात घेऊन गेली. आजींनी जाकीट काढलं, केसातली पिन काढली, मोजेसुद्धा काढले. "खरं किती ते बघू दे. उसनं काही नको." आणि काट्यावर उभ्या राहिल्या.

छत्तीस किलो शंभर ग्रॅम.

"वा आजी!" नर्स म्हणाली. "डबे मानवले तुम्हाला."

आजींनी मोजे चढवले, पिन खोचली, मान वर केली. "डबे नव्हे, बाळ. मी जेवते. चमच्याने."

बाहेर येऊन मि-रानने हे-सुकला काट्याचा आकडा सांगितला. फोनवर पुन्हा रडणं ऐकू आलं. आजींनी फोन हातात घेतला आणि एवढंच विचारलं, "तू जेवलीस का?"

शनिवारी वाडगा पुसता पुसता आजी म्हणाल्या, "उद्या रविवार. तुझी गाडी नसते."

"नसते."

"मागच्या तीन रविवारी मी आपलं खाल्लं कसंबसं. असू दे. तुलाही सुट्टी हवीच."

"येते आजी. अकराला."

"उगाच गोड बोलू नकोस."

"येते म्हटलं ना."

आजी वाडगा पुसतच राहिल्या. मग म्हणाल्या, "येणार असलीस तर स्वतःचा चमचा घेऊन ये. किती दिवस पाहुण्यांच्या चमच्याने खाणार? इथेच ठेवू तो."

रविवारी पहाटे मि-रानने नेमाप्रमाणे बुद्धापुढे एकशे आठ नमस्कार घातले. शेवटच्या नमस्काराला जमिनीवर टेकलेलं कपाळ तिने जरा जास्त वेळ तसंच ठेवलं. गणवेश खुंटीवर होता. त्याला हात लावला नाही. स्वयंपाकघरातून आपला चमचा घेतला, धुतला, पुसला, रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला.

गाडीशिवाय ती या चढावर कधी आलीच नव्हती. तो केवढा उभा आहे हे तिच्या गुडघ्यांना पहिल्यांदाच कळलं. अकराला वीस मिनिटं होती. तिने पिशवीवरून हात फिरवून रुमाल चाचपला आणि चढायला लागली.