दुसरं लेबल

सवलतीच्या दुकानातून आणलेली निळी फुलदाणी वहिनींनी बैठकीच्या खोलीत अशा थाटात मांडली, की जुना सोफासुद्धा सावरून बसला. आता परीक्षा होती नणंदबाईंपुढे. त्यांना स्वस्त वस्तूचा वास लांबून येई आणि संध्याकाळपर्यंत तो सगळ्या नातेवाइकांत पसरे.

"माझ्याकडेही अश्शीच आहे," नणंदबाई म्हणाल्या. "यांनी परदेशातून आणलेली."

"हो का!" वहिनी निर्धास्त होत्या. बुडाखालचं लेबल त्यांनी कालच खरवडून काढलं होतं.

नणंदबाईंनी थेट फुलदाणीच्या गळ्यात बोट घातलं आणि विजयी मुद्रेने एक चिकट कागद बाहेर ओढला. "वहिनी, त्या दुकानात दुसरं लेबल आत लावतात!"

"परदेशातही आतच लावतात का हो, वन्सं?"

थोड्या वेळाने दोघी त्याच दुकानात पडदे आणायला निघाल्या. दुकानाचा रस्ता नणंदबाईंना जवळचा माहीत होता.