आज बसायचंय

कारभारीला दवाखान्यातली खिचडी चालत नव्हती. मोडलेला पाय टांगलेला होता, पण जिभेचे नखरे शाबूत होते. म्हणून त्याची बायको मनकर्णाबाई क्रांती चौकाजवळ भाच्याच्या खोलीवर भाकरी थापायची आणि फडक्यात बांधून न्यायची. ऊन ऊन पोचवायची, एवढंच काम. फक्त मधे रस्ता होता.

रस्त्यावर पांढरे पट्टे होते, पण ते बहुतेक गाड्यांना दिसत नसावेत. पहिल्या दिवशी भाकरी काठावरच निवली. दुसऱ्या दिवशी तिनं गावाकडं पिशोरच्या फाट्यावर एसटीला करतात तसा हात केला. एक रिक्षा बरोबर पट्ट्यांवर येऊन थांबली.

"बसा मावशी. स्टेशन का?" रिक्षावाला गयास म्हणाला.

"बसायचं नाय बाबा. पलीकडं जायचंय." आणि ती पुढून निघूनही गेली.

पायी माणसासाठी इथं कुणी थांबत नाही, गिऱ्हाइकासाठी मात्र करकचून थांबतात, हे तिनं हेरलं. गयासची ती रोजची वेळ, त्यामुळं बहुतेकदा तोच सापडायचा.

"मावशी, रिकामा हात करता तुम्ही. धंद्याची खोटी होते."

"मग बिनहाताचा थांबत जा."

"बिनहाताचं कोण थांबतंय?"

"तेच म्हणते मी."

तो हसला. "जावा, जावा."

असंच एकदा तो "जावा" म्हणाला, ती निघाली, आणि रिक्षाच्या आडून एक मोटारसायकल सुसाट आली. रिक्षाच्या आडोशानं तिला ती दिसली नाही, की त्या गाडीवाल्याला ही. पदराला हिसका बसला, फडकं पडलं, भाकरीवरून चाक गेलं. गाडीवाल्यानं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

गयास उतरून तुकडे वेचू लागला. "मी तर थांबलो होतो," म्हणाला. मग तुकडे फडक्यात ठेवत, "मागं बघितलंच नाय मी. जावा मात्र म्हणलो."

"तू म्हणला म्हणून मी निघाले रे," ती एवढंच बोलली.

त्या दिवशी कारभारीनं खिचडी खाल्ली. भाकरी करपली, असं तिनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिचा हात वर होईना. फडक्यातली भाकरी निवत चालली. गयासची रिक्षा आली आणि तिनं हात न करताच पट्ट्यांच्या अलीकडं थांबली. त्यानं उजवा हात पुरता बाहेर काढला, मान वळवून मागं पाहिलं. मागच्या जीपनं हॉर्न बडवला. हात हलला नाही. उजवीकडून घुसू पाहणारी एक मोटारसायकलही थांबली.

"आता या."

रिक्षाच्या टोकाशी थांबून मनकर्णाबाईनं आधी स्वतः डोकावून पाहिलं, मग गेली. भाकरी ऊन पोचली.

तेव्हापासून तो तसाच थांबू लागला.

कारभारीला घरी सोडलं त्या दिवशी तो दवाखान्याच्या पायरीवर कुबड्या सावरत बसला होता. मनकर्णाबाईनं काठावर येऊन हात केला. गयास थांबला, हात काढला, मागं पाहिलं. सगळी वाहनं थांबली. ती जागची हलेना.

"जावा ना मावशी. किती वेळ थोपवू लोकाला?"

"आज बसायचंय," ती म्हणाली. "बसस्टँडला सोड."

गयासनं हात आत घेतला आणि रिक्षा पट्ट्यांपासून लांब, कडेला नेऊन उभी केली.

"मालकाला सावकाश आणा," पायरीवरच्या कुबड्यांकडं बघत तो म्हणाला. "घाई नाय."