पिल्लाचं माप

"सूनबाई, हे पिल्लू बटणांना का टोचतंय गं?"

मी चपला काढायच्या आत सासऱ्यांचा प्रश्न तयार. जमिनीवर खोकं, त्यावर पिवळा दिवा, आत कोंबडीची सहा पिल्लं आणि पाण्याच्या बशीत शर्टाची बटणं. पिल्लं बुडू नयेत म्हणून बशीत खडे टाका, असं मी सकाळी बजावून गेले होते. शिंप्याच्या घरात खडे कुठले मिळायला!

"चकाकेल ते टोचतात, बाबा. टोचता टोचता पाणी प्यायला शिकतात."

"पण शिकवतं कोण?"

"कोणी नाही."

"कमाल आहे," म्हणत त्यांनी पुन्हा खोक्यात डोकं घातलं.

मी अंडी उबवणी केंद्रात कामाला आहे. गाडी भरून गेल्यावर उशिरा फुटलेली पिल्लं मागे राहतात, ती मागितली की देतात. ही मी मुद्दाम मागून आणली. हात थरथरायला लागल्यापासून बाबांनी शिलाई मशीनवर चादर टाकली होती. शेवटच्या सदऱ्याची कॉलर वाकडी गेली. उसवून पुन्हा लावली, पुन्हा वाकडी. गिऱ्हाइकानं मुकाट्यानं सदरा घेतला, एका शब्दानं बोललं नाही. तेच त्यांना लागलं. तेव्हापासून माणूस भिंतीकडे तोंड करून बसायचा. नवरा म्हणायचा, "वय झालंय, सोडून दे." मला या सोडून देण्याचा भारी राग यायचा. आता निदान ते प्रश्न तरी विचारत होते.

मी खोक्यात वाकले. कोपऱ्यात एक पिल्लू पोटावर पडलं होतं. त्याचे पाय उघड्या कात्रीसारखे दोन्हीकडे फाकले होते. खाली गुळगुळीत साटिनचं अस्तर अंथरलेलं.

"हे कुणी घातलं?"

"मीच. कागद टोचेल त्यांना. घरातला सगळ्यात मऊ तुकडा शोधून काढला."

"अहो, यावर पाय घसरतात त्यांचे! कोवळे पाय एकदा फाकले की तसेच राहतात. मग उभं राहता येत नाही, दाण्यापर्यंत जाता येत नाही."

माझा आवाज चढला होता. बाबांचा चेहरा उतरला.

"म्हणजे मरेल? माझ्यामुळं?"

नाही म्हणावंसं वाटलं, पण म्हणवेना. "दोन्ही पाय जवळ आणून बांधून बघतात. चिकटपट्टीनं."

"चिकटपट्टीनं? कातडी सोलून निघेल त्याची!"

ते ताडकन उठले. मशीनवरची चादर ओढून त्यांनी खण उघडला, सुई, कात्री आणि इलॅस्टिकचा जुना तुकडा काढला. तोवर मी अस्तर काढून खाली खरखरीत टॉवेल घातला.

"गिऱ्हाईक धर," ते म्हणाले.

पिल्लू माझ्या मुठीत धडधडत होतं. मापाची टेप त्याच्या पायापेक्षा रुंद होती. शेवटी त्यांनी पायाभोवती दोरा गुंडाळून माप घेतलं.

दारातून नवरा म्हणाला, "ट्रायलला कधी बोलावलंय?"

"तू गप," आम्ही दोघंही एकदमच म्हणालो.

सुईत दोरा जाईना. त्यांनी सुई माझ्यापुढे धरली. मी ओवून दिली. मग दोन इवलेसे फास, मध्ये बोटाच्या पेराहून लहान पट्टी. हात थरथरत होता, ते थांबत होते, श्वास घेत होते, पुन्हा टोचत होते. झाल्यावर त्यांनी पट्टी डोळ्यांजवळ नेली.

"वाकडा गेला टाका."

त्यांचा हात कात्रीकडे गेला. आता उसवणार, मी मनात म्हटलं. तेवढ्यात मुठीतलं पिल्लू चिवचिवलं. बाबांनी कात्री खाली ठेवली आणि फास हळूच त्याच्या पायांत सरकवले.

टॉवेलवर ठेवताच ते चोचीवर आपटलं. मग उभं राहिलं. पुन्हा आपटलं. बाबा जेवायचं विसरून बघत बसले.

पुढचे काही दिवस मी कामावरून आले की आधी त्याचीच बातमी. आज दाण्यापर्यंत गेलं. आज दुसऱ्याच्या अंगावरून गेलं. मग एका सकाळी त्यांनी स्वतःच पट्टी कापली आणि पिल्लू इतरांत सोडलं. ते सुटलं ते थेट बशीकडे, बटणं टोचायला.

बाबा तळहातावरची पट्टी उलटसुलट करून बघत होते.

"वाकडाच आहे गं टाका."

"आहे खरा," मी म्हणाले.

त्यांनी खोक्यात वाकून पाहिलं. सहाच्या सहा पिल्लं तुरुतुरु पळत होती.

"यातलं आपलं कोणतं होतं?" त्यांनी विचारलं.

मी बराच वेळ निरखून पाहिलं. मलाही सांगता येईना.