घरात कोण ऐकतंय?

सामोआत असताना फेतुआओ नवऱ्याला सेफोच म्हणायची. "ए सेफो, ऊठ! डुकरं अळूत शिरली!" गावासाठी तो तुलीमानु होता. ते मानाचं नाव घराण्याने एकत्र बसून त्याला दिलं होतं. पण बायकोपुढे कसला मान?

जर्मन गव्हर्नरच्या हुकमाविरुद्ध तो उभा राहिला. गव्हर्नरने त्याचं मानाचं नाव काढून घेतलं आणि दोघांना दूर सायपान बेटावर नेऊन टाकलं. तिथे पहिल्याच दिवशी फेतुआओ म्हणाली, "तुलीमानु, जेवायला बसता ना?"

त्याला हसू आलं. "अगं, घरात कोण ऐकतंय?"

"मी ऐकते."

पुढे भांडण झालं तरी तिने अहो-जाहो सोडलं नाही. तापात गेली तेव्हाही म्हणाली, "तुलीमानु, मला इथे टाकून जाऊ नका. आपल्या घरामागे, नीरफणसाखाली ठेवा."

काही वर्षांनी जहाज आलं. जो चारचौघांत स्वतःच्या तोंडाने मानाचं नाव सोडेल तो घरी जाईल, असं जहाजावरच्या जर्मन साहेबाने सांगितलं. हाडं न्यायला हरकत नव्हती.

"सोडणार तू?" इओपुने विचारलं. तोही त्याच्याच गावचा, त्याच्याबरोबरच हद्दपार झालेला.

"सोडणार."

"तिने इतकं जपलं, अन् तू फुंकून टाकणार?"

"तिला इथे ठेवून ते नाव काय पांघरून बसू?"

"जा मग. मी नाही येत. मला बोट लागते."

सेफोने हाडं काढली. खोबरेल तेलाने एकेक पुसली. पुसताना वाटे, आता ओरडेल, तेल किती ओततोस म्हणून. मग आठवे, ओततोस नाही, ओतता म्हणेल. झाडाच्या सालीच्या कापडात त्याने गाठोडं बांधलं.

धक्क्यावर साहेबाने विचारलं, "नाव?"

"सेफो."

"आणि तुलीमानु?"

"तो मी नाही."

लोकांनी माना खाली घातल्या. गाठोडं उराशी धरून तो होडीकडे निघाला. शेवाळावर पाय घसरला, तोच कोणीतरी दंड धरला. इओपु होता.

"सांभाळून, तुलीमानु. पाय जपून टाका."

"हळू बोल. साहेब ऐकेल."

"ऐकू दे. त्याने थोडंच दिलं होतं?"

सेफो होडीत बसला. गाठोडं मांडीवर घेतलं.

"ऐकलंस ना गं?" तो म्हणाला.