नातेवाईकांचं कलम

बाबांना अर्धांगवायू झाल्यापासून अकरा वर्षं त्यांना मी भरवलं, मी न्हाऊ घातलं. दादा महिन्यातून एकदा फळं घेऊन यायचा आणि बोलता बोलता निम्मी स्वतःच संपवायचा. बाबा गेल्यावर पंधरा दिवसांत त्यानं मृत्युपत्र काढलं. घर त्याचं. मी ट्रंक घेऊन जिना उतरले, तेव्हा वहिनी माझ्यादेखत नवं कुलूप बसवून घेत होती. तो राग मी विसरले नाही. विसरायचा प्रयत्नही केला नाही.

मी एका वकिलाकडे मसुदे तयार करते. सहा वर्षांनी दादा तिथे आला. त्याला बाबांच्या नावानं सेवा संस्था काढायची होती. घराच्या खालच्या मजल्यावर मोफत दवाखाना, वरती तो आणि वहिनी. घर संस्थेच्या नावावर केलं की घरपट्टी माफ, वर मोठेपणा. वकिलाची फी वाचावी म्हणून बहीण आठवली. फुकट ते पौष्टिक!

"किती कागद लागतात गं?" त्यानं मोबाइलवर बोट फिरवत विचारलं.

मी सगळं सांगितलं. संस्थेचा उद्देश लिहावा लागतो. नोंदणीचा पत्ता लागतो. तुझ्याखेरीज निदान तीन संचालक, आणि त्यांतलं कुणीही नात्यातलं नको. नफा कुणालाही वाटता येत नाही. संस्था बंद पडली तर मालमत्ता तशाच दुसऱ्या संस्थेला जाते, घरी परत येत नाही.

"अगं, पण संस्थापक मीच ना?"

"तूच."

"मग झालं तर! मालकच की."

"संस्थापक म्हणजे मालक नाही रे दादा." दाताच्या कण्या केल्या मी. तो हसला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

संचालक म्हणून त्यानं औषधांचा दुकानदार, शेजारचा शिंपी आणि आम्हा दोघांना शिकवलेल्या हेडबाई निवडल्या. "म्हातारी बैठकीत डुलक्या काढेल," म्हणाला.

नियमावलीतली तेरा कलमं कायद्याला हवी होती. चौदावं माझं होतं. संस्थेच्या इमारतीत संस्थापक किंवा त्याचे नातेवाईक राहणार नाहीत. असा नियम घालायला कायद्याची ना नव्हती, पण सक्तीही नव्हती. तेरा कलमं ज्या आवाजात वाचली, त्याच आवाजात मी हेही वाचलं. दादा फोनवर कुणाला तरी उद्घाटनाचं बोलावणं देत होता. मी बोट ठेवत गेले, तो सह्या करत गेला.

नोंदणी झाली, घराचं दानपत्र झालं, दवाखाना सुरू झाला. आठव्या महिन्यात हेडबाईंनी चष्मा पुसून नियमावली पहिल्यापासून वाचायला घेतली. पुढच्या बैठकीत तीन विरुद्ध एक ठराव झाला. वरचा मजला महिन्याभरात रिकामा करायचा.

दादा ऑफिसात आला तो ओरडतच. "केसानं गळा कापलास! सख्ख्या भावाचा!"

"वाचून दाखवलं होतं. प्रत्येक पानावर तुझी सही आहे."

"कलम बदल."

"संचालकांच्या बहुमतानं बदलता येतं. विचार हेडबाईंना."

तो खुर्चीत बसला. त्याचा चेहरा उतरलेला पाहून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

"कळलं," तो म्हणाला. "मला काढून तुला राहायचंय तिथे. बाबांच्या खोलीत."

मी फाइल काढली आणि चौदावं कलम त्याच्यापुढे धरलं. नातेवाईक म्हणजे कोण, याची यादी खाली होती. आता मात्र त्यानं वाचलं. पहिला शब्द 'बहीण' होता. बायको, मुलं, जावई नंतर.

"स्वतःचं नाक कापून घेतलंस?" त्यानं हळूच विचारलं.

"तुला अपशकुन व्हायला हवा होता," मी म्हणाले.